टर्बो लावलेल्या ५.३ साठी हेड कुठलं: भंगारातलं ७९९ की बाजारातलं नवंकोरं?

माझ्या २००३ च्या सिल्व्हेराडो पिकअपला टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा पंखा) बसवून दोन उन्हाळे झाले. इंजिन तेच, शेव्हरोलेचं लोखंडी ब्लॉकचं ५.३ लिटर, एलएम७. एवढ्या काळात सिलेंडर हेडच्या (ब्लॉकवर बसणारं, व्हॉल्व्ह असलेलं झाकण) तीन जोड्या माझ्या गॅरेजमधल्या टेबलावर येऊन गेल्या: गाडीची मूळची ८६२ नंबरची (हा नंबर हेडवरच ओतलेला असतो), भंगारातून आणलेली ७९९ नंबरची आणि ऑनलाइन मागवलेली नवीकोरी. चौथी जोडी कामावरच्या एका मित्राच्या गाडीवर आहे, तीही मी हातात घेऊन मोजली आहे. इथे मिशिगनमधले आणि पुण्याचे गाडीवेडे मित्र मला एकच प्रश्न विचारतात, टर्बो लावायचाय तर आधी हेड बदलू का? म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

माझे वडील कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात चाळीस वर्षं हेडचीच कामं करत होते. आधी शेतीपंपांची ऑइल इंजिनं, मग ट्रक, शेवटी शेवटी टर्बो डिझेल जीपगाड्या. सीट कटिंग (व्हॉल्व्हची बैठक कापणं), गाइड (व्हॉल्व्हच्या दांड्याची नळी) बदलणं, फेस मारणं (हेडचा तळ सपाट करणं). शाळेतून आलो की मी व्हॉल्व्ह घासायला बसायचो. त्यामुळे टर्बोचं ठरलं तेव्हा पहिला फोन आप्पांनाच केला.

"आप्पा, नवीन हेड टाकायचं म्हणतोय. जोडीला चोवीसशे डॉलर."

"जुन्याला काय झालंय?"

"झालं काही नाही. पण हवा कमी ओढतं म्हणतात."

"अरे, तू हवा ढकलणार हैस न्हवं? मग ओढायचा प्रश्न कुठनं आला? आधी जुनं मोज, मग मला सांग."

आप्पांचं म्हणणं बरंचसं खरं आहे, पण पुरतं नाही. हिशोबच मांडतो. माझं इंजिन कंपनीतून आलं तेव्हा २८५ हॉर्सपॉवरचं. समजा चांगल्या हेडने त्यात २० ची भर पडली, म्हणजे ३०५. आता ९ पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) बूस्ट, म्हणजे टर्बोचा वाढीव दाब, द्या. वातावरणाचा दाब १४.७, त्यात ९ मिळवले की २३.७, म्हणजे इंजिनात साधारण १.६ पट हवा. जुन्या हेडवर ढोबळमानाने ४५९ हॉर्सपॉवर, नव्यावर ४९१. वीसचे बत्तीस झाले. हेड चांगलं असेल तर बूस्ट त्याचा फायदा वाढवतोच, इथे आप्पांचं गणित थोडं अपुरं पडतं. पण दुसऱ्या बाजूने बघा. जुन्या हेडवरच ४९१ काढायचे असतील तर बूस्ट ९ वरून १०.६ वर न्यायचा. दीड-पावणेदोन पीएसआय. बूस्ट कंट्रोलरमधला एक आकडा बदलायचा, खर्च शून्य.

हा कागदावरचा हिशोब आहे. प्रत्यक्षात बूस्ट वाढला की हवा तापते, टर्बोच्या अलीकडचा एक्झॉस्टचा दाबही वाढतो, म्हणून सगळेच्या सगळे पदरात पडत नाहीत. तरीही टर्बोला अजून दम आहे, इंटरकूलर हवा थंड करतोय आणि पेट्रोल नॉकिंग (मिश्रण दाबाने आपोआप पेटून ठोके बसणं) होऊ देत नाही, तोवर पहिले चोवीसशे डॉलर हेडवर घालायला मला पटत नाही. या तिन्हींपैकी एक जरी संपलं की चित्र पालटतं. त्यावर पुढे येतो.

आता ८६२ आणि ७९९. मूळच्या ८६२ हेडची चेंबर (पिस्टनच्या वरची ज्वलनाची खोलगट जागा) ६१ सीसीची, इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा) १.८९ इंचाचा. ७९९ ची चेंबर ६५ सीसीच्या आसपास आणि इनटेक व्हॉल्व्ह पुरा २ इंचाचा. एक्झॉस्ट दोन्हीकडे १.५५. हे ७९९ काही दुर्मिळ नाही. कंपनीने २००५ ते २००७ मध्ये काढलेल्या ॲल्युमिनियम ब्लॉकच्या ५.३ वर, म्हणजे एल३३ वर, ते होतं आणि ते इंजिन ३१० हॉर्सपॉवरचं होतं. (ती सगळी वाढ हेडची नव्हे. त्यात पिस्टन सपाट डोक्याचे आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) वेगळा आहे.) व्ही८ वाल्या इम्पाला एसएसवरही तेच हेड सापडतं. मला एका यार्डात तशीच एक इम्पाला मिळाली, पुढून ठोकलेली. पाना-सॉकेट घेऊन भर जानेवारीत बर्फात उभं राहून दोन्ही हेडं काढली, १४० डॉलर दिले.

टर्बोवाल्याला ७९९ चा दुहेरी फायदा आहे. पोर्ट (हवेच्या वाटा) आणि व्हॉल्व्ह मोठे, हा एक. शिवाय माझ्या खोलगट पिस्टनवर चार सीसी मोठी चेंबर आली की कॉम्प्रेशन (हवा किती पट दाबली जाते ते) साडेनऊवरून नऊच्या जरासं वर येतं. इथल्या पंपावरच्या ९३ ऑक्टेन पेट्रोलवर बूस्ट देताना ते अर्धं कॉम्प्रेशन फार उपयोगी पडतं.

एक सावधगिरी. या कुटुंबात ७०६ नंबरचं हेडही येतं, मापाने ८६२ चंच भावंड. २००१ ते २००६ च्या गाड्यांवर आलेल्या ७०६ पैकी एका ठरावीक ओतकामाच्या हेडना बारीक चीर जाऊन पाणी हळूहळू कमी होण्याचं दुखणं होतं, खुद्द कंपनीने डीलरांना तसं पत्रक काढलं होतं. यार्डातून हेड उचलताना नंबर वाचा आणि पैसे देऊन प्रेशर टेस्ट कराच.

आता ज्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही ते सांगतो, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा. बूस्टचा दाब बंद असलेल्या इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर सतत असतो आणि त्याला उघडायला बघतो. दोन इंची व्हॉल्व्हचं क्षेत्रफळ ३.१४ चौरस इंच. १२ पीएसआयवर सुमारे ३८ पौंड. कंपनीची ट्रकवाली स्प्रिंग व्हॉल्व्ह बंद असताना धरते जेमतेम ऐंशी पौंडांच्या आत-बाहेर. म्हणजे जवळजवळ निम्मा जोर बूस्टनेच खाल्ला! एक्झॉस्टकडे तर अजून वाईट, कारण टर्बोच्या अलीकडे, मॅनिफोल्डमध्ये, दाब बूस्टपेक्षाही जास्त असू शकतो. तो २० पीएसआय धरला तर १.५५ च्या व्हॉल्व्हवर परत ३८ पौंड. आरपीएम चढले की व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नाही, उडतो, इंजिन ५,५०० ला अडखळल्यासारखं होतं आणि माणूस दोष हेडला देतो. "स्टॉक (कंपनीचं) हेड वरच्या आरपीएमला दम सोडतं" अशी तक्रार ऐकली की मी आधी विचारतो, स्प्रिंगा कुठल्या? मी सीटवर १३० पौंड धरणाऱ्या बीहाईव्ह (मधपोळ्याच्या आकाराच्या) स्प्रिंगा आणि जाड भिंतीचे पुशरॉड (कॅमचा जोर व्हॉल्व्हकडे नेणारे दांडे) घातले. ही अख्ख्या कामातली सगळ्यात सार्थकी लागलेली खरेदी.

मधल्या काळात मोह झाला. ७९९ मशिन शॉपला देण्याआधी ऑनलाइन एक नवी जोडी दिसली, व्हॉल्व्ह-स्प्रिंगांसकट ८५० डॉलर. नाव लिहीत नाही. खोक्यातून काढलं तर लखलखीत, पोर्ट मोठे, हाताला गुळगुळीत. पण आप्पांच्या हाताखाली वाढलेला माणूस चमक बघून थांबत नाही. हेड उलटं ठेवलं, चेंबरवर ग्रीस लावून प्लास्टिकची काच बसवली आणि सिरिंजने रंगीत पाणी सोडून एकेक चेंबर मोजली. पहिली ६४.५. दुसरी ६२. तिसरी ६५. एकाच हेडमध्ये तीन सीसीचा फरक! साध्या इंजिनात चालूनही जाईल, पण बूस्टवर सगळ्यात छोट्या चेंबरचा सिलेंडर आधी नॉक करणार, आणि ट्यूनरला (इंजिनच्या संगणकातले आकडे बसवणाऱ्याला) बाकीच्या सातांचं टायमिंगही (ठिणगी पडण्याची वेळ) त्या एकासाठी मागे घ्यावं लागणार.

मग व्हॉल्व्ह काढले. दोन गाइड इतके घट्ट की व्हॉल्व्ह स्वतःच्या वजनाने खाली येईना, अंगठ्याने दाबावा लागला. टर्बोच्या उष्णतेत एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा दांडा फुगतो. तिथे गाइड घट्ट म्हणजे व्हॉल्व्ह अडकला, आणि अडकलेला व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो. शेवटी बोल्टच्या एका भोकात पांढरं फडकं तारेला गुंडाळून फिरवलं. बाहेर आलं तेव्हा त्यावर ॲल्युमिनियमचे कीस, नखाएवढे, कुरळे. हे तेलात गेलं असतं तर बेअरिंगपर्यंत पोचायला किती वेळ? जोडी परत केली. पाठवणीचे ९० डॉलर खिशातून गेले आणि तीन आठवडे वाया गेले. विकणाऱ्याने भोकाबद्दल उत्तर दिलं, "बसवण्याआधी धुवून घेणं ग्राहकाची जबाबदारी." धुण्याचं मला मान्य आहे, मी प्रत्येक हेड धुतोच. चेंबर मात्र धुतल्याने सारखी होत नाही, आणि या प्रश्नाला त्यांनी उत्तरच दिलं नाही.

म्हणून स्वस्त बाजारी हेड आणि चांगलं बाजारी हेड यांना एका तराजूत घालू नका. मित्राच्या ६.० लिटरवर ट्रिक फ्लो या कंपनीची कॅथेड्रल (उंच, कमानदार) पोर्टची जोडी आहे. मूळ कंपनी व्हॉल्व्ह १५ अंशांत कलते ठेवते, या हेडमध्ये ते साडेतेरा अंशांत आहेत, जरा जास्त उभे, त्यामुळे हवेची वाट सरळ होते. (कॅम मोठा असेल तर पिस्टन आणि व्हॉल्व्हमधलं अंतर क्ले लावून पुन्हा मोजायलाच हवं. जुन्या हेडवरचं माप इथे चालत नाही.) पोर्ट सीएनसीने कोरलेले, आठही एकसारखे. मी त्याचीही चेंबर सिरिंजने मोजली, फरक अर्ध्या सीसीच्या आत. गाइडमधून व्हॉल्व्ह बोटाने हलकेच सोडला तर एका लयीत खाली उतरतो, हलत नाही, अडत नाही. हे बघून आप्पा व्हिडिओवर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हे काम करणाऱ्यानं मन लावून केलंय."

गाडी चालवतानाही फरक कळतो. त्याची गाडी ८ पीएसआयवर जे देते ते वरच्या आरपीएमपर्यंत देत राहते. माझी ५,८०० नंतर सपाट होते, त्याची ६,५०० पर्यंत चढतच राहते. मायलन ड्रॅगवेला (सरळ रेषेतल्या शर्यतीची धावपट्टी) आम्ही दोघं एकाच शनिवारी गेलो होतो. उकाडा प्रचंड, माझ्या इनटेकचं तापमान तिसऱ्या धावेला इतकं चढलं की ट्यूनने आपणहून टायमिंग मागे खेचलं. तो कमी बूस्टवर तेवढीच ताकद काढत होता, म्हणून त्याची हवा थंड, त्याचं टायमिंग जागच्या जागी. चांगल्या हेडची खरी किंमत मला त्या दुपारी कळली. पंपावरच्या पेट्रोलवर बूस्टची मर्यादा आली असेल, नॉकिंगमुळे आकडा पुढे सरकवता येत नसेल, तर हवा सुलभ आत घेणारं हेड हाच पुढचा रास्त मार्ग आहे. तिथे चोवीसशे डॉलर अस्थानी नाहीत.

पण एक गैरसमज काढून टाका, की जाड डेकचं (ब्लॉकवर टेकणाऱ्या तळाचं) बाजारी हेड घेतलं म्हणजे गॅस्केट जाणार नाही. डेक जाड असणं चांगलंच, उष्णतेत हेड कमी वाकतं. तरी या ब्लॉकमध्ये एका सिलेंडरभोवती मोठे बोल्ट चारच आहेत, आणि वर कुठलंही हेड ठेवलं तरी ते वाढत नाहीत. हेड उचललं जाणं बहुतेकदा नॉकिंगने होतं, आणि नॉकिंग ट्यूनचं पाप आहे. माझ्या ७९९ खाली एलएस९ चं गॅस्केट आहे, स्टीलच्या सात पदरांचं, कंपनीने आपल्या ६३८ हॉर्सपॉवरच्या सुपरचार्जर लावलेल्या कॉर्व्हेटसाठी बनवलेलं. वर एआरपी कंपनीचे स्टड (बोल्टऐवजी लागणारे आटेदार दांडे). कंपनीचे मूळचे बोल्ट ताणून बसणारे असतात, एकदा सोडले की फेकायचे. स्टड मागवताना वर्ष बघा: २००३ पर्यंत बोल्ट लांब-आखूड दोन मापांचे, २००४ पासून मोठे सगळे एका लांबीचे.

मशिन शॉपबद्दल. पहिल्या ठिकाणी, नाव नको, हेड दिलं आणि परत आणलं तेव्हा फेसवर नख फिरवलं तर रेषा लागत होत्या. साध्या गॅस्केटला ते चाललं असतं. स्टीलच्या पदरांच्या गॅस्केटला फेस नखाला न जाणवणारा, तुळतुळीत लागतो, नाहीतर बूस्टवर बारीक गळती होते. मी बोललो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, सगळ्यांना असंच देतो. दुसऱ्या ठिकाणी नेलं. तिथल्या म्हाताऱ्या मशिनिस्टने आधी विचारलं, "गॅस्केट कुठलं? बूस्ट किती?" हे दोन प्रश्न विचारणाऱ्याकडे हेड बिनघोर सोपवा. त्याने प्रेशर टेस्ट, तीन कोनांचं सीट कटिंग आणि फेस मिळून ४६० घेतले, आणि फक्त चार थाउ (इंचाचे चार हजारांश) माल काढला. घरी आणून चेंबरमध्ये रॉकेल ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी पोर्टमध्ये एक थेंब नाही.

बसवताना ब्लॉकमधल्या स्टडच्या भोकांत एअर मारा, मग फडकं घाला, मग परत एअर. ही भोकं खाली बंद असतात. तळाशी चमचाभर पाणी किंवा तेल राहिलं आणि वरून कसलं, तर ते दबत नाही आणि लोखंडी ब्लॉक फुटतो. उद्यमनगरात एक ट्रकचा ब्लॉक असा गेलेला मी लहानपणी बघितलाय. हातोडा पडल्यासारखा आवाज आला होता आणि दुकानातले सगळे जागच्या जागी थबकले होते.

सगळं धरून ७९९ ची जोडी, मशिन शॉप, स्प्रिंगा, पुशरॉड, गॅस्केट आणि स्टड मिळून मला साधारण तेराशे डॉलर पडले. गॅस्केट, स्टड आणि पुशरॉड नवीन हेडवरही लागलेच असते, तेव्हा तुलना करताना ते दोन्हीकडे धरा. वाचलेल्या पैशांतून गिअरबॉक्स मजबूत करून घेतला, कारण इतक्या ताकदीसाठी तो मुळात बनलेलाच नव्हता. ९ पीएसआयवर, मूळच्या कॅमवर, डायनोने (ताकद मोजणाऱ्या यंत्राने) चाकांवर ३९१ हॉर्सपॉवर दाखवले. मुलांना शाळेत सोडून येणाऱ्या, मंडळाच्या गणपतीला मखराचं सामान वाहणाऱ्या गाडीला ते भरपूर आहेत.

जुन्या हेडची एक कटकट मात्र खरी आहे. वीस वर्षं रस्त्यावरचं मीठ खाल्लेली भोकं, त्यात टर्बोच्या मॅनिफोल्डचं वजन आणि उष्णता. मागच्या टोकाचा एक्झॉस्ट बोल्ट या उन्हाळ्यात तुटला, थंड इंजिनवर टिकटिक ऐकू यायला लागली. तुटक्या बोल्टवर नट ठेवून वेल्ड केलं आणि तो लाल असतानाच हळूच मागे-पुढे करत काढला. अडीच तास लागले. नव्या हेडवर हे दुखणं इतक्यात आलं नसतं.

बोल्टच्या निमित्ताने प्लग काढून आठही सिलेंडरांत बोअरस्कोप घातला. व्हॉल्व्हच्या कडा एकसारख्या भुरक्या, गॅस्केटच्या काठावर कुठे काळी रेघ नाही. आता पुढच्या हिवाळ्यासाठी मित्र त्याच्या ट्रिक फ्लोसारखीच जोडी सुचवतोय. मी ई८५ कडे (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं इंधन) जायचं ठरवलंय. घरापासून दहा मिनिटांवर पंप आहे आणि त्या इंधनावर याच ७९९ ला १२ पीएसआय देता येतील. मोठे इंजेक्टर आणि दुसरा पंप मागवलाय. स्प्रिंगांचा हिशोब १२ साठीच केला होता, तेव्हा हेड उघडायची गरज नाही.